मुरमाड कडेवरचा गलांडा

माण तालुक्यात फुलझाडांना पाणी घालताना प्रत्येक घागरीचा विचार करावा लागतो. याच सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, परंतु घाटमाथा ओलांडून दहिवडीपर्यंत पोहोचलेल्या ढगांत फारसे पाणी उरलेले नसते. त्यामुळे दारापुढे कमी पाण्यावर तग धरणारे फूल हवे होते, आणि दसऱ्याच्या हारात झेंडूशेजारी ओवला जाणारा गलांडा मी निवडला.

गलांडा म्हणजे गेलार्डिया. आपल्याकडे तो इतका रुळला आहे की तो परका असल्याचे कुणाला सहसा पटत नाही; मात्र त्याची पुल्केला ही वर्षायू जात मूळची अमेरिकेच्या दक्षिण भागातील आणि उत्तर मेक्सिकोतील गवताळ माळांवरची असून, ओक्लाहोमाने तिला राज्याचे रानफूल म्हणून मान दिला आहे. रखरखीत ऊन आणि पाणी न धरणारी हलकी जमीन तिला मानवते, आणि पानांवरच्या लवेमुळे पानांतली ओल लवकर उडून जात नाही.

हे ठाऊक असूनही पहिल्या वर्षी मी वाफा करून त्यात भरपूर शेणखत घातले आणि रोज संध्याकाळी पाणी दिले. झाडे पानांनी माजली, कळ्या मात्र मोजक्याच आल्या, आणि भाद्रपदातल्या झडीत बुडे कुजून एकेक झाड आडवे झाले. त्या झाडांचे मला फार वाईट वाटले, कारण ती मायेपोटीच गेली होती.

दुसऱ्या वर्षी, जूनच्या अखेरीस, उरलेले बी फाटकालगतच्या मुरमाड कडेवर पेरले, जिथे गवतही धड येत नाही. या बियांना उगवताना उजेड लागतो, म्हणून ते भुरभुरून हाताने नुसते दाबले, वर माती लोटली नाही. आठ-दहा दिवसांत कोंब दिसले. मग फूटभर अंतर राखून विरळणी केली, आणि मुळे धरल्यावर पावसाने फारच ओढ दिली तरच आठवड्याने एकदा पाणी घातले. खत दिले नाही. सप्टेंबरच्या शेवटी पिवळ्या काठाची तांबडी फुले उमलली आणि सकाळपासून त्यांवर मधमाश्या येऊ लागल्या.

सुकलेली फुले खुडत राहिल्यास नव्या कळ्या येत राहतात, म्हणून आई रोज परडी घेऊन ती खुडते. थोडी बोंडे मात्र मी तिला सांगून झाडावरच वाळू देतो. यंदा पहिल्या पावसानंतर त्यांच्या गळलेल्या बियांतून कडेवर आपोआप रोपे उगवली, आणि पायवाटेत आलेली तेवढी मी उचलून बाजूला लावली आहेत.