आठही दिवे लागले, फाइल मात्र जाईना

विज्ञानाच्या मास्तराकडे संगणक कक्षाची किल्ली कशी येते, हे शाळेत नोकरी केलेल्यांना सांगायला नको. "सर, तुम्हाला जमेल" एवढं पुरतं. आठ जुने संगणक, एक स्विच (सगळ्या केबली जिथे येऊन जुळतात ती पेटी), केबलचं बंडल आणि क्रिंपिंगची, म्हणजे केबलच्या टोकाला जॅक दाबून बसवायची, पक्कड एवढं सामान ताब्यात आलं. काम एकच: संगणक एकमेकांना जोडायचे. नववीची चार पोरं हाताशी घेतली.

आयपी पत्त्यांचं, म्हणजे नेटवर्कवर प्रत्येक संगणकाला ओळखायच्या नंबरांचं, काम सोपं. १९२.१६८.१.१० पासून ओळीने नंबर दिले, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग सगळ्यांचा सामायिक, ते सांगणारा आकडा) सगळ्यांना २५५.२५५.२५५.०. एकाला नंबर द्यायचा विसरलो, तर त्याने आपणहून १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता घेतला आणि कुणाशी बोलेना.

खरा घोळ केबलीत झाला. आत आठ तारा, म्हणजे चार जोड्या, आणि प्रत्येक जोडीला पीळ. मी जोड्या शेजारी शेजारी बसवल्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. दोन्ही टोकांना क्रम एकच, मग बिघडणार काय? केबल तपासायच्या टेस्टरवर एक ते आठ दिवे ओळीने लागले. पोरांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या.

कक्षातले सात संगणक चालले. आठवा मुख्याध्यापकांच्या खोलीत, साधारण पस्तीस मीटरवर. केबलला शंभर मीटरपर्यंत मुभा असते, म्हणून मी निर्धास्त. पिंग केलं, म्हणजे 'आहेस का' अशी छोटी हाक पाठवली, की चारपैकी चार उत्तरं, पण निकालपत्रकाची फाइल पाठवली की मध्येच अडकायची. मी त्या बिचाऱ्या संगणकाचं नेटवर्क कार्डसुद्धा बदललं.

शेवटी एक मुलगी म्हणाली, "सर, चिठ्ठी जाते, गठ्ठा जात नाही." तिथे डोक्यात प्रकाश पडला. विंडोजचं साधं पिंग ३२ बाइटचं असतं. १४०० बाइटचं पाठवून पाहिलं, तर बहुतेक वेळा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट', म्हणजे उत्तरच नाही.

शंभर एमबीपीएसच्या (सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाच्या) जोडणीत जॅकमधल्या १-२ आणि ३-६ या पिना जोडीने कामाला लागतात. माझ्या क्रमात तीनवर हिरव्या जोडीतली तार होती आणि सहावर निळ्या जोडीतली. पीळ असला की बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच पडतो आणि दोन्हींतला फरक घेताना वजा होऊन जातो. माझ्या तीन आणि सहावरच्या तारा एकमेकींच्या जोडीदारच नव्हत्या. त्यात लांब फ्रेममधला (एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या गठ्ठ्यातला) एक बिट बिघडला तरी अख्खी फ्रेम बाद. आमचा साधा टेस्टर फक्त तार टोकापर्यंत पोचली का, एवढंच बघतो. कुणाशी पिळली आहे ते त्याला कळत नाही.

बरोबर क्रम असा: पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी. हिरवी जोडी निळीला कुशीत घेऊन बसते. टोकं नव्याने मारली आणि फाइल एका दमात गेली.

मग शनिवारी कक्षातल्या सातही केबलींची टोकं कापली. चौदा नवे जॅक लागले. बिल घेऊन गेलो तर क्लार्क म्हणाले, "पण सर, त्या तर चालत होत्या ना?"