केशरी कार्डावर धान्य सुरू करून घेताना

केशरी रेशनकार्ड हातात आलं म्हणजे धान्य सुरू झालं, असं नसतं. रेशन दुकानदाराने ई-पॉस यंत्रावर (धान्य देताना नोंद करायचं यंत्र) नंबर टाकून दाखवला तेव्हा हे मला कळलं. कार्ड खरं, पण घराचं नाव प्राधान्य कुटुंबांच्या, म्हणजे अन्न सुरक्षा कायद्याखाली धान्य मिळणाऱ्या घरांच्या यादीत नव्हतं. कार्डावर ‘प्राधान्य कुटुंब लाभार्थी’ असा शिक्का लागतो आणि 12 अंकी आरसी (रेशनकार्ड) नंबर ऑनलाइन नोंदीत त्या योजनेखाली दिसावा लागतो. खरं महत्त्व या नोंदीचं. शिक्का असूनही यंत्रात नाव नसेल तर दाणा मिळत नाही.

यादीत आलं की माणशी महिन्याला 5 किलो गहू-तांदूळ, जानेवारी 2023 पासून मोफत. चार जणांच्या घराला 20 किलो. बाजारभावाने हिशेब केला तर एवढ्यासाठी हेलपाटे का घालायचे ते कळतं.

कागदांत सगळ्यात अवघड उत्पन्नाचा दाखला. राज्याने 2013 साली ठरवलेली मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला 44 हजार आणि शहरात 59 हजार. म्हणजे शहरात महिन्याला पाच हजारसुद्धा नाहीत, आणि तेही सगळ्या घराचं मिळून! धुणीभांडी करणाऱ्या एकट्या बाईची कमाईही यात बसणं कठीण. महागाई वाढत जाते, तशी ही रेषाही वर सरकवणं सरकारचंच काम आहे. दाखला 31 मार्चपर्यंतच चालतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढू नका. अर्ज रखडला तर पुन्हा काढावा लागतो. एप्रिल-मेमध्ये काढला की वर्षभर निर्धास्त.

सोबत सगळ्यांची आधारकार्डं, पत्त्याचा पुरावा आणि हमीपत्र. सुनेचं नाव माहेरच्या कार्डावर राहिलेलं असेल तर आधी तिथून कमी करून त्याचा दाखला आणा. एकच आधार दोन कार्डांवर दिसला की अर्ज तिथेच अडकतो. आधारवरचं आणि कार्डावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतं का, तेही घरीच पाहून घ्या. अर्ज तहसीलच्या पुरवठा शाखेत, मोठ्या शहरात शिधावाटप कार्यालयात द्यायचा. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका. तारीख आणि आवक क्रमांक दोन्ही हवेत.

यानंतर ऐकू येतं ते ‘इष्टांक संपला’, म्हणजे लाभार्थ्यांची ठरवून दिलेली संख्या भरली. हा बहाणाच असतो असं नाही. 2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यात ग्रामीण भागातले 75 टक्के आणि शहरातले 50 टक्के लोकांपर्यंत धान्य पोचवायची तरतूद आहे, पण राज्यांचे आकडे 2011 च्या जनगणनेवर बांधले गेले. महाराष्ट्राच्या वाट्याला 7 कोटींच्या आसपास माणसं आली. त्यानंतर जन्मलेली मुलं, शहरात आलेली कुटुंबं त्या आकड्यात नाहीत. गरीब असूनही केवळ जुन्या मोजणीमुळे कोणी उपाशी राहावं, हे मला पटत नाही.

तरी जागा होतात. कोणी वारतं, कोणी गाव सोडतं, ई-केवायसी (आधारवरून ओळख पडताळणी) न केलेल्यांची नावं गळतात. म्हणून ‘नंतर या’ ऐकून परत फिरू नका. तालुक्याचा मंजूर इष्टांक किती, भरलेला किती आणि माझा अर्ज कितव्या क्रमांकावर, एवढे तीनच प्रश्न माहिती अधिकारात लेखी विचारा. आमच्या तालुक्यात अर्ज त्यानंतरच हलला. 1967 वर तक्रार नोंदवता येते. कायद्याप्रमाणे जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्यावर राज्य अन्न आयोगही आहे.

नाव चढलं की दुकानात जाऊन घरातल्या प्रत्येकाची ई-केवायसी करा. सिमेंटच्या, साबणाच्या कामाने अंगठ्याच्या रेषा झिजलेल्या असतात. हात धुऊन कोरडे करा, नाहीतर दुसरं बोट लावून पाहा. दर महिन्याला पावती मागून घ्या आणि युनिट, म्हणजे त्यावर धरलेली माणसं, मोजा. आम्हाला पहिल्या महिन्यात 20 ऐवजी 15 किलोच मिळालं. पावतीवर तीनच युनिट होती. चौथ्याचा आधार क्रमांक नोंदवताना एक आकडा चुकला होता. तो दुरुस्त झाल्यावर पुढच्या महिन्यापासून पूर्ण 20 किलो येऊ लागलं.