कानबाईच्या रविवारी साईट झोपली

अमळनेरात साईट बंद पडली म्हटलं की लोक आधी इन्व्हर्टरकडे बघतात. सर्व्हर माझ्या घरात नाही, हे घरच्यांना समजवायलाच मला एक वर्ष लागलं.

साईटवर असतात फुईच्या (आत्याच्या) आवाजातली कानबाईची, म्हणजे आमच्या खान्देशातल्या देवीची, गाणी आणि अहिराणी शब्द. वर्षभर रोज चाळीसएक माणसं येतात. श्रावणात नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी, कानबाईच्या सणाला, मात्र पुण्या-सुरतेकडची खान्देशी मंडळी सकाळीच उघडून बसतात. गेल्या वर्षी नेमक्या त्या दिवशी साडेआठला फुईचा फोन आला, "भाऊ, तुनी साईट उघडी नही ऱ्हायनी!" मी नैवेद्याचे रोट सोडून लॅपटॉपकडे पळालो. पडद्यावर ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड, म्हणजे साईटला ठरवून दिलेली मर्यादा संपली.

ज्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर साईट होती, तिच्या चॅटवर उत्तर आलं, "आमच्याकडून सर्व सुरळीत आहे, कॅशे क्लिअर करून बघा." तीन वेळा क्लिअर केली. चौथ्यांदा त्यांनी महागडा प्लॅन सुचवला.

नंतर शांतपणे लॉग, म्हणजे सर्व्हरच्या नोंदी, पाहिले आणि कान पकडले. कोणतं गाणं किती वेळा ऐकलं हे मोजायला मी हौसेने एक प्लगिन (साईटला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) घातलं होतं. त्यामुळे प्रत्येक गाणं पीएचपीतून, म्हणजे सर्व्हरवरच्या प्रोग्रॅममधून, जायचं आणि फाईल पूर्ण पोचेपर्यंत एक जागा अडवून ठेवायचं. माझ्या शेअर्ड प्लॅनमध्ये (एकच सर्व्हर अनेक साईटींत वाटलेला) अशा जागा फक्त २०. एकविसावा आला की दार बंद. म्हणजे त्या रविवारचं पाप माझंच.

रात्रीबेरात्री यायचा तो 'डेटाबेस कनेक्शन' एरर (साईटचा मजकूर जिथे साठवतात तिथला संपर्क तुटल्याचा) मात्र माझा नव्हता. त्या वेळी साईटवर चिटपाखरू नसायचं. मग दर पाच मिनिटांनी साईट जिवंत आहे का बघणारी एक फुकट सेवा लावली. तीस दिवसांत ११ तास बंद! जाहिरातीत ९९.९ टक्के, म्हणजे महिन्याला ४३ मिनिटं. माझ्या वाट्याला ९८.५ आले. दहावीच्या निकालात एवढे पडले तर पेढे वाटतात, म्हणून हा आकडा फसवा. भरपाई मागितली तर कळलं, 'नियोजित देखभाल' त्यात धरत नाहीत, आणि उरलेल्याचे काही रुपये पुढच्या बिलात वळते होतात. चहासुद्धा आला नसता.

सगळ्यात जास्त घाम फुटला तो बॅकअपने. रोजचा बॅकअप होत होता, पण त्याच सर्व्हरवर. घराला आग लागली तर किल्ली घरातच, तसला प्रकार.

दिवाळीनंतर साईटचं बिऱ्हाड नव्या सर्व्हरवर हलवलं. डीएनएस म्हणजे साईटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा; तिचा टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, आदल्या दिवशीच ८६४०० वरून ३०० वर आणला, म्हणून नवा पत्ता लोकांना लवकर मिळाला. ऑडिओ वेगळ्या स्टोरेजवर टाकला, मोजणारं प्लगिन उडवलं, पानांना कॅशिंग (तयार पानाची प्रत ठेवून तीच देणं) लावलं. जुनं खातं महिनाभर चालू ठेवलं, कारण मेल तिथेच होती आणि हे मला हलवताना आठवलं (दोन दिवसांची पत्रं कुठे गेली देव जाणे). नवा सर्व्हरही दोनदा पडला, पण पडण्याआधी तशी सूचना देणारी मेल आली होती. तेवढ्यावरही मी खूश.

मागच्या आठवड्यात फुईने आणखी तीन गाणी दिली. दुसऱ्या गाण्यात मध्येच लाईट जाते आणि ती वीजवाल्यांना एक सणसणीत शिवी हासडते. ती कापायची की ठेवायची, अजून ठरत नाही.