घरच्या धुण्याच्या पावडरीची नोंद: बोअरचं पाणी, गार बादली आणि ऑक्सिजन ब्लीच

मागच्या नोंदीत पावडरीतला फेसाचा भाग, म्हणजे सर्फॅक्टंटचं मिश्रण, कायम झालं होतं. त्यानंतरचा सगळा वेळ ब्लीचमध्ये गेला आणि आता सांगण्यासारखं काही हाती आलंय. मुद्दा आधीच मांडते. ‘सोडियम परकार्बोनेट आपल्याकडे चालत नाही’ असं आपल्यापैकी अनेकजण म्हणतात. परकार्बोनेट म्हणजे धुण्याचा सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र बांधलेली पावडर, हेच आपलं ऑक्सिजन ब्लीच. माझ्या मते दोष परकार्बोनेटचा नाही, पाण्याचा आहे. पाणी गार, त्यात जड (म्हणजे कठीण, कॅल्शियमसारख्या क्षारांचं), आणि वर त्यात लोह. या तिन्हींचा बंदोबस्त केला की तीच पावडर चहाचा डाग काढते.

ही रसायनं मुळात गरम धुण्यासाठी आली. जर्मनीत हेन्केलने १९०७ साली पर्सिल बाजारात आणलं, तेव्हा त्यात परबोरेट आणि सिलिकेट होतं. त्या दोन नावांतूनच पर्सिल हे नाव झालं. तिथे कपडे उकळायची रीत होती आणि परबोरेटला ६० अंशांच्या वरच खरा जोर येतो. आपल्याकडे तसली उष्णता परिटाच्या भट्टीत असायची. घरच्या बादलीत २५ ते ३० अंश, तेही उन्हाळ्यात. परकार्बोनेट परबोरेटपेक्षा लवकर विरघळतं, पण त्यातून निघणारं हायड्रोजन पेरॉक्साइड या तापमानाला फारच संथ काम करतं.

म्हणून टीएईडी, गार पाण्यात ब्लीचला जोर देणारं रसायन. पांढरी, दाणेदार पावडर. पेरॉक्साइडशी क्षारयुक्त पाण्यात भेटली की तिच्यातून पेरासेटिक आम्ल तयार होतं आणि ते गार पाण्यातही डागावर तुटून पडतं. हे खरंच घडतंय का, ते मला डोळ्यांनी बघायचं होतं. दोन काचेचे ग्लास घेतले, दोन्हींत कोमट पाणी आणि परकार्बोनेट, एकातच टीएईडी. दहा मिनिटांनी प्रत्येकातलं चमचाभर पाणी वेगळ्या वाटीत काढलं, फसफस थांबून पाणी आंबट होईपर्यंत पांढरं व्हिनेगर घातलं, मग साबुदाण्याची पातळ, गार खळ आणि पोटॅशियम आयोडाइडचे चार कण. टीएईडीची वाटी हात काढेपर्यंत काळी-निळी झाली. दुसरी आधी नुसती पिवळसर दिसली आणि मग सावकाश निळी होत गेली. पेरॉक्साइड आयोडाइडवर रेंगाळत काम करतं, पेरासेटिक आम्ल झटक्यात. ज्यांच्याकडे टीएईडी म्हणून काहीतरी पांढरं आलंय आणि खात्री नाही, त्यांनी ही चाचणी जरूर करावी.

टीएईडी जास्त घालून फायदा नाही. पेरॉक्साइड कमी पडलं तर तयार झालेलं पेरासेटिक आम्लच उरलेल्या टीएईडीशी लागून वाया जातं. १५ ग्रॅम परकार्बोनेटला ४ ग्रॅम, इथे मी थांबले आहे.

आता परकार्बोनेटचा कस. पावसाळ्यात हा प्रश्न सगळ्यांनाच येतो. यासाठी पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन करते, म्हणजे मोजून केलेलं द्रावण थेंबथेंब सोडून किती लागलं ते बघते. ३.१६ ग्रॅम परमँगनेट एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात. परकार्बोनेट १ ग्रॅम पाण्यात विरघळवून २५० मिलिलिटर करायचं, त्यातले २५ मिलिलिटर काढून सौम्य सल्फ्युरिक आम्लाने आम्लधर्मी करायचे आणि परमँगनेट थेंबथेंब सोडायचं. पहिले काही थेंब गुलाबी रंग सोडायला वेळ लावतात, घाबरू नका, नंतर वेग येतो. फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकली की थांबायचं. या मापांचा फायदा असा, की लागलेल्या मिलिलिटरला ०.८ने गुणलं की थेट सक्रिय ऑक्सिजनची, म्हणजे ब्लीचच्या कामी येणाऱ्या ऑक्सिजनची, टक्केवारी मिळते. शुद्ध परकार्बोनेटची १५.३ टक्के, बाजारातल्या आवरण दिलेल्या दाण्यांची १३च्या आसपास. म्हणजे १६ मिलिलिटर लागले तर माल चांगला. माझं नवीन पाकीट तिथेच बसलं. श्रावणभर मोरीजवळच्या बरणीत राहिलेलं बरंच खाली आलं होतं. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि आम्ल नेहमी पाण्यात ओतायचं, पाणी आम्लात नाही.

दाणे मिक्सरमध्ये बारीक करू नका. ओल लागू नये म्हणूनच त्यांना वरून आवरण असतं, ते फुटलं की दमट हवेत दाणे मरतात. आणि भिजवलेलं परकार्बोनेट बाटलीत भरून बूच कधीही घट्ट लावू नका. ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटते.

आता पाणी, या सगळ्या कामातला मला सर्वांत आवडलेला भाग. आमच्या सोसायटीला बोअरचं पाणी येतं, काळ्या पाषाणातलं, थेंबांच्या किटवर कठीणपणा लिटरला ४०० मिलिग्रॅमच्या घरात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकारार्ह आणि दुसरी सोय नसेल तर ६०० ही मर्यादा आहे. दहा लिटरच्या बादलीत ४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतका कठीणपणा आला. हे धुण्याच्या सोड्याने साकळता येतं, पण मग तो चुना कपड्याच्या धाग्यांत बसतो आणि पांढरे कपडे करडे, टॉवेल खरखरीत होतात. त्यात परकार्बोनेटचा दोन तृतीयांश भाग सोडाच असतो, म्हणजे ब्लीच वाढवलं की चुनाही वाढतो! झिओलाइट ही कॅल्शियम शोषणारी खनिज भुकटी पाणी छान मऊ करते, पण ती विरघळत नाही आणि बादलीतल्या धुण्यात गडद कपड्यांवर पांढुरकी राहते. म्हणून सोडियम सायट्रेट, ते कॅल्शियमला विरघळलेलंच धरून ठेवतं. हिशेबाने बादलीला १२ ग्रॅम. महाग पडतं, तरी तेच ठेवलंय. ते पाण्यात आधी घालून ढवळायचं आणि मगच पावडर टाकायची. हा क्रम पाळल्यावर टॉवेलांत पडलेला फरक घरच्यांनी न सांगता ओळखला.

लोहाचं काम सायट्रेटवर सोडता येत नाही. गंजाचा कण पेरॉक्साइडच्या पाण्यात पडला की त्याच्याभोवती बुडबुड्यांची रांग लागते, ब्लीच तिथेच संपतं, आणि कण कापडावर असेल तर तेवढा धागा जळतो. पांढऱ्या सुती कापडावरच्या टाचणीएवढ्या भोकांमागे अनेकदा हेच असतं. कारखाने यासाठी फॉस्फोनेट, म्हणजे लोहाला धरून ठेवणारी रसायनं, वापरतात. मी बादलीला त्यांतल्याच एचईडीपीचं सोडियम मीठ अर्धा ग्रॅम घेते. गंज घातलेल्या दोन ग्लासांतलं पाणी तासाभराने टायट्रेट केलं, तर एचईडीपीच्या ग्लासात पेरॉक्साइड ठळकपणे जास्त उरलेलं मिळालं.

डागांचे तुकडे न धुतलेल्या मांजरपाटाचे आहेत: चहा, जांभूळ, हळद-तेल, वरण. चहा आणि जांभूळ टीएईडीसमोर टिकत नाहीत. हळद टिकते. सोड्याच्या पाण्यात ती लाल होते, खळबळल्यावर पुन्हा पिवळी, आणि तेलात मुरलेल्या रंगापर्यंत पेरासेटिक आम्ल नीट पोहोचत नाही. तिला ऊन हवं. ओलाच तुकडा दुपारभर दोरीवर टाकला की पिवळा रंग उडतो, आणि इतकं हुकमी ब्लीच दुकानात मिळत नाही. वरणाला मात्र एन्झाइम लागतं: प्रथिनाला प्रोटिएझ, पिठूळपणाला अमायलेझ. पेरासेटिक आम्ल एन्झाइमलाही मारतं, म्हणून एन्झाइम आणि सायट्रेटमध्ये अर्धा तास भिजवून मग ब्लीच घालते. एन्झाइम दाण्यांच्याच रूपात घ्या, भुकटी नको, श्वासातून गेलेल्या धुळीने दम्याचा त्रास होऊ शकतो. रेशीम आणि लोकर या पावडरीपासून पूर्ण लांब.

क्लोरिनचं ब्लीच मी यात आणलेलं नाही. ते परकार्बोनेटशी भेटलं की दोघं एकमेकांना संपवतात, नुसता ऑक्सिजन उडून जातो. व्हिनेगर किंवा लिंबाशी भेटलं तर विषारी क्लोरिन वायू निघतो. क्लोरिनच्या ब्लीचचा आणि या पावडरीचा डबा वेगळ्या कपाटांत ठेवा.

ऑप्टिकल ब्राइटनरही सध्या बाहेर. अतिनील टॉर्चखाली बाजारची पावडर निळी चमकते, कारण ब्राइटनर न दिसणारा प्रकाश घेऊन निळा परत देतो. डाग गेला की नुसता झाकला, हे मग कळत नाही. पांढऱ्या सदऱ्यांना शेवटच्या पाण्यात नीळ पुरते.

पुढचं काम टोमॅटोच्या सारावर आहे, लायपेझसह (तेल-तूप फोडणारं एन्झाइम) आणि लायपेझशिवाय, दोन्ही तुकडे सावलीत वाळवून. ज्यांच्याकडे नळाचं धरणाचं पाणी येतं, त्यांनी सायट्रेट ४ ग्रॅमवर आणून चहाचा तुकडा धुऊन बघावा आणि पाण्याच्या कठीणपणासकट आकडे कळवावेत. माझ्याकडे तसं पाणी नाही, आणि ते माप मला हवंच आहे.