फेलिपाओ वही : मागचा एक जादा माणूस

वही अर्ध्यावर आली, म्हणून हा हिशेब. नव्याने आलेल्यांसाठी आधी रीत सांगतो. एक फुटबॉल प्रशिक्षक धरायचा आणि त्याचे मिळतील तेवढे सामने अथपासून इतिपर्यंत बघायचे. हायलाइट्स चालत नाहीत. त्यात गोल दिसतो, तो का झाला ते दिसत नाही. संघाच्या पायातून चेंडू गेला की व्हिडिओ थांबवायचा आणि कोण कुठे उभा आहे ते चौकटीच्या वहीत ठिपक्यांनी मांडायचं. बचाववाले निळे, मधले हिरवे, पुढचे लाल. घरचे वेड्यात काढतात, पण त्यात काही नवं नाही.

यंदा धरलाय लुइझ फेलिपे स्कोलारी, ऊर्फ फेलिपाओ. ‘बचावात्मक, राकट, भांडकुदळ’ असा शिक्का या माणसावर कायमचा बसलाय. आमच्या कोल्हापुरात वर्ल्डकपला पेठापेठांत ब्राझीलचे झेंडे लागतात, आणि २००२ चा विषय निघाला की रोनाल्डो, रिव्हाल्डो, रोनाल्डिन्हो यांच्यापुढे गाडी सरकत नाही. तेव्हा ब्राझीलचा प्रशिक्षक फेलिपाओच होता. बाकाजवळ तो मिशीवाला काय करत होता, हे बघायचं होतं.

खेळाडू म्हणून त्याचं पान छोटं आहे. जन्म १९४८ चा, पासो फुंदोचा. हे गाव रिओ ग्रांदे दो सुल राज्यातलं, म्हणजे उरुग्वे-अर्जेंटिनाला लागून असलेल्या दक्षिण टोकातलं. तिथल्या फुटबॉलमध्ये नाजूक पायांपेक्षा टक्कर जास्त. वडील व्यावसायिक फुटबॉलपटू, आणि हा सेंटर-बॅक, म्हणजे बचावाच्या मधोमध खेळणारा. बरीच वर्षं काशियासकडून खेळला, ब्राझीलची जर्सी कधी मिळाली नाही. पाय लाकडाचे आहेत म्हणून लोक थट्टा करायचे. कारकीर्दीच्या शेवटी उत्तरेला मासेयोच्या सीएसए क्लबात गेला आणि १९८२ मध्ये तिथेच प्रशिक्षक झाला.

पुढची भटकंती एका दमात सांगतो: सौदी, कुवेत, जपान, पोर्तुगाल, इंग्लंड, उझबेकिस्तान, चीन, आणि मधेमधे घरी. कुवेतच्या राष्ट्रीय संघाला त्याने १९९० च्या सुरुवातीला गल्फ कप जिंकून दिला. त्याच ऑगस्टमध्ये इराकी रणगाडे कुवेतमध्ये घुसले. मायदेशी परतून १९९१ मध्ये त्याने सांता कातारिना राज्यातल्या क्रिसिउमा या लहानशा क्लबला कोपा दो ब्राझील ही देशातली क्लबांची चषक स्पर्धा जिंकून दिली. अंतिम फेरीत समोर ग्रेमियो. परक्या मैदानावर १-१, घरी ०-०, आणि बाहेर केलेल्या त्या एका गोलावर चषक (बरोबरी झाली की परक्या मैदानावरचा गोल भारी धरायचे). त्याचा सगळा स्वभाव या दोन निकालांत आलाय.

आता वहीकडे. पुढे ग्रेमियोचाच प्रशिक्षक झाला. त्यांची १९९५ ची पानं भरताना मजा आली. उजव्या बाजूने पॅराग्वेचा आर्से क्रॉस टाकणार, यार्देल डोकं लावणार. एवढं शेंबड्या पोरालाही कळतं, पण दक्षिण अमेरिकेत ते कुणाला थांबवता आलं नाही. कोपा लिबेर्तादोरेस या दक्षिण अमेरिकी क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेच्या अंतिम फेरीत कोलंबियाच्या अ‍ॅतलेतिको नासिओनालला घरी ३-१, मेदेयिनमध्ये १-१. माझं लक्ष मात्र दिन्यो आणि गोयानो या दोन हिरव्या ठिपक्यांवर राहिलं. आर्से वर गेला की दोघांपैकी एक जण मागे सरकतोच. मग दोन्ही खंडांच्या विजेत्यांचा सामना: टोकियोत आयाक्सविरुद्ध दुसऱ्या सत्रात ग्रेमियोच्या रिवारोलाला लाल कार्ड मिळालं. दहा जणांनी युरोपच्या विजेत्यांना १२० मिनिटं ०-० वर रोखलं आणि पेनल्टींवर हरले. रिवारोला गेल्यानंतरचं पान बघा: लाल ठिपके जवळपास संपलेत, मधली फळी निळ्यांच्या अंगावर रेललीय.

पुढे साओ पाउलोचा पालमेइरास क्लब. तिथे आर्से आणि पाउलो नुनेस ही ग्रेमियोचीच माणसं पुन्हा भेटतात. १९९९ ची लिबेर्तादोरेस जिंकली तेव्हा गोलमध्ये मार्कोस होता आणि बचावात रोके जुनियर. ही दोन नावं लक्षात ठेवा.

२००२ ची पानं मी सगळ्यात सावकाश भरली. २००१ च्या जूनमध्ये त्याने ब्राझीलचा संघ हाती घेतला तेव्हा तो वर्ल्डकपच्या पात्रतेसाठी धडपडत होता. महिन्याभरात कोपा अमेरिकेत होन्डुरासने २-० ने घरी पाठवलं. गोल करणाऱ्या रोमारिओला घ्या म्हणून अख्खा देश मागे लागला होता, याने घेतलं नाही. गोलरक्षक मार्कोस, मागे लुसियो, एडमिल्सन आणि रोके जुनियर. ब्राझीलने तीन सेंटर-बॅक खेळवायचे म्हणजे तिकडच्या पत्रकारांना धर्म बुडाल्यासारखं वाटलं.

पण ठिपके वेगळंच सांगतात. एडमिल्सनचा निळा ठिपका एका जागी राहतच नाही. चेंडू गेला की दोघांच्या मधोमध, चेंडू आला की मधल्या फळीतल्या जिल्बेर्तो सिल्वाच्या शेजारी. कोस्टारिकाविरुद्ध तर त्याने सिझर किक मारून गोल केला! लुसियो चेंडू घेऊन सुसाट निघाला की जिल्बेर्तो त्याची जागा धरतो. मागे कायम एक माणूस जादा असतो, फक्त तो कोण हे दर वेळी बदलतं. म्हणून काफू आणि रॉबेर्तो कार्लोस हे दोन कडांचे बचाववाले विंगरसारखे, म्हणजे पुढे जाऊन हल्ला करत, खेळू शकले आणि पुढच्या तिघांना मागे यावं लागलं नाही. या संघाला बचावात्मक म्हणणाऱ्याने सामने पाहिलेले नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडविरुद्धचा सामना आपल्याकडे भर दुपारी बारा वाजता होता. लुसियोच्या पायातून चेंडू निसटला आणि ओवेनने गोल केला. मध्यंतराच्या तोंडावर रिव्हाल्डोने बरोबरी केली, नंतर रोनाल्डिन्होची ती फ्री-किक, आणि ५७ व्या मिनिटाला त्यालाच लाल कार्ड. लोकांना फ्री-किक आठवते. मला त्यानंतरचा अर्धा तास आवडतो. इंग्लंडचा एक माणूस जास्त असूनही त्यांना धड संधी मिळत नाही. ती पानं टोकियोच्या पानांशेजारी ठेवली की एकाच हाताची वाटतात.

(जाता जाता: हाच लुसियो २०१५ मध्ये झिकोच्या एफसी गोवाकडून खेळला. आयएसएलच्या उपांत्य फेरीत समोर दिल्ली डायनॅमोज होते आणि त्यांचा प्रशिक्षक रॉबेर्तो कार्लोस. फातोर्ड्यावर गोव्याने ३-० ने हिशेब चुकता केला.)

पोर्तुगालची पानं अजून चालू आहेत. २००४ च्या युरोत ग्रीसकडून पहिलाच सामना हरल्यावर त्याने पुढच्या सामन्यासाठी बचावातली तीन नावं बदलली, रुई कोस्ताला बसवून डेकोला आणलं. कार्वाल्यो, नुनो वालेंते आणि डेको हे नुकतेच पोर्तोकडून चॅम्पियन्स लीग जिंकून आले होते. त्याच ग्रीसने अंतिम सामन्यात ५७ व्या मिनिटाला एका कॉर्नरवर घात केला, खारिस्तेआसचं हेडर. वर्ल्डकपमध्ये मात्र त्याने सलग ११ सामने जिंकले, सात ब्राझीलचे आणि चार पोर्तुगालचे. त्यातला शेवटचा न्यूरेम्बर्गमधला, नेदरलँड्सविरुद्ध १-० : १६ पिवळी, ४ लाल कार्डं. ठिपक्यांची वही तिथे हात टेकते, माणसंच उरत नाहीत मांडायला. चेल्सीला मी फार जागा देणार नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये हंगाम संपायच्या आतच नारळ मिळाला.

आणि मग ८ जुलै २०१४, बेलो होरिझोन्ते: वर्ल्डकपची उपांत्य फेरी, ब्राझील विरुद्ध जर्मनी, बाकाजवळ पुन्हा फेलिपाओ. हे पान टाळता येत नव्हतं. नेमार जखमी, थियागो सिल्वावर एका सामन्याची बंदी. नेमारच्या जागी पाउलिन्यो किंवा रामिरेस घालून मध्यफळी भरता आली असती. त्याने बेर्नार्दला घेतलं. पोरगा त्याच शहरातला, अ‍ॅतलेतिको मिनेइरोत घडलेला. २३ ते २९ या मिनिटांत जर्मनीने चार गोल केले. त्यातला क्रोसचा दुसरा बघा: ब्राझीलच्या मधल्या फळीतल्या फर्नांदिन्योच्या पायातून क्रोसच चेंडू काढतो, खेदिराशी देवाणघेवाण करतो आणि मोकळ्या गोलमध्ये ढकलतो. वहीत त्या क्षणी फर्नांदिन्योच्या पाठीमागे हिरवा ठिपका नाही. २००२ मध्ये तिथे कुणीतरी हमखास असायचं. पाउलिन्यो आणि रामिरेस मध्यंतरानंतर आले, तेव्हा ०-५ झालं होतं.

या पराभवाचं खापर नेमारच्या दुखापतीवर फोडतात, ते मला पटत नाही. आयुष्यभर विमा उतरवणाऱ्या माणसाने नेमका त्याच दिवशी हप्ता भरला नाही. दुसरं कारण त्याचा माणसं धरून ठेवायचा स्वभाव. पुढे खेळणाऱ्या फ्रेडने २०१३ च्या कॉन्फेडरेशन्स कपच्या अंतिम सामन्यात स्पेनविरुद्ध दोन गोल केले होते. वर्षभराने तो चालत नव्हता, प्रेक्षक हुर्यो करत होते, तरी जागा पक्की. ज्या निष्ठेने मार्कोस आणि रोके जुनियर वर्ल्डकप जिंकून गेले, तीच इथे अंगाशी आली.

तो स्वभाव नंतरही सुटला नाही. २०१५ मध्ये चीनच्या ग्वांगझू क्लबात गेल्यावर टॉटनहॅममध्ये कोमेजलेल्या पाउलिन्योला त्याने बोलावून घेतलं. लागोपाठ तीन लीग विजेतेपदं आणि एक आशियाई चॅम्पियन्स लीग झाली, आणि पाउलिन्यो तिथून थेट बार्सिलोनात. पुढची पानं याचीच. त्यानंतर २०२२ चा लिबेर्तादोरेसचा अंतिम सामना घेणार आहे: ७३ वर्षांचा फेलिपाओ, अ‍ॅथलेटिको पारानाएन्से, पहिल्याच सत्रात लाल कार्ड, आणि फ्लामेंगोकडून ०-१.

क्रिसिउमा-ग्रेमियो १९९१ चे दोन्ही सामने कुणाकडे पूर्ण असतील तर कळवा. चित्र मुंग्यामुंग्यांचं असलं तरी चालेल, पण मधे कापलेलं नको. आणि बाराशे मीटर लांबून दिसतील असे जाड निबाचे हिरवे पेन कुठे मिळतात तेही सांगा, माझे सगळे ग्रेमियोने संपवले.