सहाशे एमएमची हौस

भिगवणला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे ५५-२५० एमएमची साधी लेन्स होती (हा आकडा जितका मोठा, तितकं लांबचं जवळ दिसतं). उजनीच्या फुगवट्यावर कुंभारगावच्या काठावरून नाव निघाली. समोर रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा, आणि माझ्या फोटोत मात्र त्यांचे पाय शेवयांएवढेसुद्धा नाहीत. शेजारच्या नावेतल्या गृहस्थांनी तोफेसारखं काहीतरी रोखलं होतं. घरी आलो तो आजार घेऊनच.

मग रात्ररात्र आकडेमोड. क्रॉप सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या लहान आकाराच्या सेन्सरवर, ४०० ची लेन्स ६०० सारखी दिसते, म्हणजे स्वस्तात लांबचा पल्ला. खरं तर लेन्स तेवढीच राहते, चौकटीच्या कडा तेवढ्या छाटल्या जातात. पण हौसेपुढे कुणाचं चालतं? १५०-६०० घ्यावी, तर टोकाला ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं भोक, एफ ६.३; आकडा मोठा तितकं भोक लहान. एफ ४ च्या मानाने प्रकाश अडीच पट कमी, आणि ताडोबाच्या बांबूत पहाटे उजेड आधीच रेशनवर. हे सगळं मी बायकोला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अहो, यात दुचाकी येते."

शेवटी कुणीतरी वापरलेली १५०-६०० घेतली. वजन दोन किलो. दोन किलो म्हणजे काय ते भाजीच्या पिशवीत कळत नाही, उडत्या सुरय पक्ष्यामागे फिरवताना मनगटाला कळतं.

फेब्रुवारीत पुन्हा भिगवण. साडेदहा झाले होते. सहाशेवर लेन्स ताणली, शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर, धडाधड फोटो. पक्षी मोठे आले, पण उकळत्या भांड्याच्या वाफेपलीकडून पाहिल्यासारखे. फोकस बिघडला म्हणून मी लेन्सला, मग ती विकणाऱ्याला मनात शिव्या घातल्या. नावाडीमामा शांतपणे म्हणाले, "पानी तापलं साहेब, आता हवा हलतीया. लांबचा फोटो न्हाय यायचा."

बरोबरच होतं. गरम-गार हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकडातिकडा होतो, आणि पक्षी जितका लांब तितकी मधली हवा जास्त. सहाशेच्या लेन्सने ती हवासुद्धा मोठी करून दाखवली.

मामांनी इंजिन बंद केलं आणि बांबूने नाव अलगद रेटत नेली. पाण्यातल्या वाळक्या खोडावर ऑस्प्रे हा शिकारी पक्षी मासा फाडत बसला होता. इतका जवळ, की मला लेन्स तीनशेच्याही खाली आणावी लागली. आजवरचा माझा सगळ्यात चांगला फोटो तोच, २८० वर काढलेला. ही माहिती मी घरी दिलेली नाही.

ताडोबाला निघालो तेव्हा बायकोने जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून त्यात दोन किलो तांदूळ भरून दिले. जिप्सीच्या दांडीवर ती ठेवली की लेन्स हलत नाही. परतल्यावर त्या तांदळाची खिचडी झाली.

सध्या पक्ष्याचा डोळा आपणहून शोधणारी मिररलेस बॉडी, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा, बघतोय. बघतोय फक्त.