माझा पहिला साप आणि हात आवरण्याचे दिवस

साप घरी यायच्या आधी मी त्याची पेटी मांडली आणि बरेच दिवस ती रिकामीच चालू ठेवली. सकाळ-संध्याकाळ रिकाम्या पेटीचं तापमान वहीत टिपून ठेवायचे. घरच्यांना वाटलं, हिचं काहीतरी बिनसलंय. पण सापाच्या अंगात स्वतःची ऊब तयार होत नाही. पचन, हालचाल, आजाराशी झुंजण्याची ताकद, सगळं बाहेरच्या उष्णतेवर चालतं. त्यामुळे पेटी बिघडली की साप बिघडला, इतका सरळ हिशोब आहे. पहिला साप पाळताना निम्म्याहून जास्त काम पेटीचंच असतं, आणि ते साप येण्याआधीच उरकलेलं बरं.

मी निवडला कॉर्न स्नेक. बिनविषारी, मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला, मोठा झाला तरी साधारण 90 ते 150 सेंटीमीटर. बॉल पायथन या छोट्या अजगराचाही विचार केला होता. तो स्वभावाने शांत खरा, पण मनात आलं की महिनोन्‌महिने जेवण टाकतो, आणि पहिल्याच सापाने उपास धरला असता तर माझी झोप उडाली असती. कॉर्न स्नेक 15-20 वर्षं सहज जगतो, हेही घरात आधीच सांगून टाकलं. पिल्लू बंदिवासात जन्मलेलंच हवं, रानातून धरलेलं अजिबात नको, हे पक्कं होतं. रानातला साप अंगात परजीवी घेऊन येतो, कोंडला गेला की अन्न सोडतो, आणि कित्येक देशांत तो पाळणं हा गुन्हाच आहे. कुठला साप ठेवायला परवानगी आहे, याचे नियम जागोजागी वेगळे असल्याने ते पेटीच्याही आधी बघायचे. पैदास करणाऱ्याकडे मी एकच गोष्ट हट्टाने मागितली: पिल्लाने आतापर्यंत काय, कधी खाल्लं त्याची नोंद. गोठवलेला उंदीर खायला शिकलेलं पिल्लू मिळालं तर पुढची अर्धी कटकट मिटते.

आता पेटीचं. एक बाजू गरम, एक बाजू थंड. गरम बाजू 29-30 अंश, थंड बाजू 22 ते 24. गरम बाजूच्या तळाखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, आणि तिला थर्मोस्टॅट, म्हणजे तापमान ठरवून दिलेल्या अंशावर आवरणारं यंत्र. थर्मोस्टॅटशिवाय मॅट लावू नका, कारण ती बेलगाम तापते आणि सापाचं पोट भाजतं. काचेला चिकटवायचे ते गोल काट्याचे थर्मामीटर दिसायला छान असतात, पण ते सांगतात तिथल्या काचेचं आणि हवेचं. साप लोळतो जमिनीवर, म्हणून वायरीच्या टोकाला तापमान मोजणारा प्रोब असलेला डिजिटल घ्यावा.

लपायच्या जागा दोन ठेवल्या, दोन्ही टोकांना एकेक, आणि दोन्ही अगदी अंगासरशी. एकच ठेवली तर सापाला ऊब की आडोसा यातलं काहीतरी एक निवडावं लागतं, आणि घाबरलेला साप बहुतेक आडोसाच निवडतो. मग पचन बिघडतं. प्रशस्त गुहा आपल्याला आवडते, त्याला मात्र पाठ छताला टेकल्याशिवाय चैन पडत नाही. तळाला पुढे अ‍ॅस्पेनच्या लाकडाचा भुसा घातला, पण सुरुवातीला मुद्दाम नुसता कागद अंथरला. पांढऱ्या कागदावर विष्ठा लगेच दिसते आणि गोचिडीसारखे बारीक काळे किडे असतील तर तेही. देवदार आणि चीड यांचा भुसा नकोच, त्यातल्या उग्र तेलांनी सापाच्या श्वासाला त्रास होतो. झाकणाला कुलूप हवं. पिल्लू पेन्सिलीएवढं जाड असतं, आणि डोकं घुसलं त्या फटीतून मागचं सगळं निघून जातं.

पिल्लू आलं, पिशवीतून पेटीत सोडलं आणि दिसेनासं झालं. पहिला आठवडा हात लावायचा नाही, जेवायला द्यायचं नाही, फक्त पाणी बदलायचं. खरं सांगते, हाच भाग सगळ्यात अवघड. हात नुसते शिवशिवत होते. हौसेनं आणलेला जीव, आणि पाहुण्यांना दाखवायला एक कागद आणि एक वाटी! पेटीच्या तीन बाजू मी कापडाने झाकून टाकल्या. सकाळी कागद सरकलेला दिसला की समजायचं, रात्री स्वारी फिरून आली.

मग पहिलं जेवण. नुकतंच जन्मलेलं, गोठवलेलं उंदराचं पिल्लू, ज्याला सगळे पिंकी म्हणतात, बंद पिशवीत घालून रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेवलं, मग गरम पाण्यात धरून अंगाएवढं कोमट केलं. मायक्रोवेव्हमध्ये नाही; कुठे थंड आणि कुठे शिजलेलं असं काहीतरी होतं, कधी फुटतंही. मापाचा नियम सोपा आहे: भक्ष्य सापाच्या सगळ्यात जाड भागापेक्षा फार जाड नको. लांब चिमट्याने पिंकी आत धरली. बिळाच्या तोंडाशी जीभ लवलवली, मान इंग्रजी एस अक्षरासारखी मागे ओढली गेली, आणि पुढच्या क्षणी चिमट्याला हिसका बसला. मेलेल्या पिंकीलाही त्याने दोन वेटोळे घालून आवळलं. मग सोडलं, जिभेने चाचपत डोक्याचं टोक शोधलं आणि तिथून गिळायला लागला. जबडा निखळतो असं लोक सांगतात, तसं काही होत नाही. खालच्या जबड्याचे दोन तुकडे हनुवटीशी हाडाने जोडलेले नसतात, ताणल्या जाणाऱ्या अस्थिबंधाने जोडलेले असतात. ते आळीपाळीने पुढे सरकतात, एकदा डावा, एकदा उजवा. गिळून झाल्यावर त्याने एक भलीमोठी जांभई दिली आणि जबडा पुन्हा जागेवर बसवला.

जेवल्यावर निदान 48 तास साप उचलायचा नाही. उलटी झाली तर पोटातलं पाणी आणि आम्ल जातं, आणि नंतर 10-14 दिवस थांबून छोट्या भक्ष्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. लहान असताना 5 ते 7 दिवसांनी एक भक्ष्य, मोठेपणी 10 ते 14 दिवसांनी. माझ्या मते घरचे साप उपासमारीपेक्षा लाडाने जास्त बिघडतात.

कात टाकायची वेळ आली तेव्हा रंग मळकट झाला, डोळे दुधी निळे दिसायला लागले आणि जेवण नाकारलं. मग डोळे परत स्वच्छ झाले. इथे वाटतं की संपलं, पण कात त्यानंतर काही दिवसांनी पडते. ओल्या शेवाळाची एक डबी आत ठेवली होती, ती बरोबर कामी आली. पडलेली कात उजेडात धरून दोन गोष्टी बघायच्या: डोळ्यांवरचे दोन्ही पारदर्शक गोल आलेत का, आणि शेपटीचं टोक आलंय का. शेपटीला कातीचं कडं राहिलं तर ते आवळून रक्त अडवतं. डोळ्यावरचा पापुद्रा राहिला तर चिमटीने ओढण्याचा मोह आवरा; दमटपणा वाढवा, आणि पुढच्या कातीतही निघाला नाही तर पशुवैद्याकडे जा. तेही सापांवर उपचार करणारे. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर साप बघत नाहीत, म्हणून नाव आधीच काढून ठेवलेलं बरं. तोंड उघडं ठेवून श्वास घेणं, घरघर, तोंडाशी बुडबुडे, यातलं काही दिसलं की थांबायचं नाही.

हाताळणी मी पाच-पाच मिनिटांनी सुरू केली. वरून झडप घातल्यासारखा हात न्यायचा नाही, त्याला तो शिकारी पक्षीच वाटणार. बाजूने, संथपणे, पोटाखाली आधार देत. सुरुवातीला त्याने शेपटी थरथरवली, एकदा दातही लावले. ओरखड्यापलीकडे काही नाही. आता तो बोटांमधून निवांत सरकतो. हे प्रेम आहे असं मात्र मी कुणाला सांगत नाही. आपल्यापासून धोका नाही एवढं त्याला कळलंय, आणि हात कोमट लागतो. सापाच्या आधी हात धुवायचे, उंदराचा वास राहू नये म्हणून. नंतर साबणाने धुवायचे, सापाच्या अंगावर असू शकणाऱ्या साल्मोनेला जंतूंसाठी. पाच वर्षांखालच्या मुलांच्या हातात मी तो देत नाही, कितीही हट्ट केला तरी.

दर महिन्याला ग्रॅमच्या काट्यावर वजन करते, वहीत जेवणाशेजारी लिहिते. लवकरच 120 सेंटीमीटर लांबीची पेटी लागेल. ती आली की पुन्हा रिकामीच चालू ठेवणार आहे, फक्त जुन्या दोन लपायच्या जागा आणि थोडा जुना भुसा तिच्यात टाकीन, म्हणजे स्वतःच्या वासाच्या ओळखीत तो लवकर रुळेल.